‘क्युरेटिंग’ म्हणजे नेमके काय खरवडतात, आणि हा शब्द आला कोठून

गेल्या श्रावणात वडोदऱ्याच्या आमच्या दांडिया बाजारातील घरात ‘क्युरेटिंग’ हा शब्द एकाच संध्याकाळी दोघींच्या तोंडून ऐकू आला. फाइन आर्ट्‌सला शिकणारी माझी भाची वर्गाच्या प्रदर्शनाचे क्युरेटिंग कोण करणार हे उत्साहाने सांगत होती, आणि आतल्या खोलीत माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या काकू हातातला कागद चार घड्या घालून उशीखाली सरकवत म्हणत होत्या, की डॉक्टरीणबाईंनी क्युरेटिंग करायला सांगितले आहे, पण ही गोष्ट घराबाहेर जायला नको. पाळी जाऊन सहा वर्षे झाल्यावर त्यांना पुन्हा डाग दिसला होता, सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर सात मिलिमीटर जाड आले होते, आणि तपासणीसाठी त्यातला थोडा भाग खरवडून घ्यायचा होता. यात लपवण्यासारखे काहीच नव्हते. तरीही शेजारच्या बेनना तो शब्द कसा कोण जाणे कळला, त्यांनी “आ उंमरे?” असे विचारले, आणि काकू दोन दिवस गच्चीवर वाळवण घालायला गेल्या नाहीत.

बेनचा दोष नव्हता. आपल्याकडे गुजरातीत काय आणि मराठीत काय, क्युरेटिंग म्हणजे मूल पाडणे असाच अर्थ पुष्कळ घरांत धरला जातो. दवाखान्याने दिलेल्या संमतीपत्रात एक परिच्छेद इंग्रजीत व एक गुजरातीत होता आणि दोन्हींत ‘डी. अँड सी.’ एवढेच लिहिले होते. ती अक्षरे कशाची आहेत, हे काकूंना तिथे कोणीही सांगितले नाही. म्हणून हा शब्द मुळापासून उलगडून सांगावा असे मला मनापासून वाटले.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. क्युरेटिंग, क्युरेटाज किंवा क्युरेटेज हे नाव कृतीचे आहे. धारदार कडेच्या छोट्या कड्याने किंवा चमच्यासारख्या हत्याराने शरीरातील एखादा पृष्ठभाग खरवडून त्यावरचा पातळ थर किंवा पोकळीतला मऊ भाग काढणे, एवढेच तो शब्द सांगतो. तो थर कोणत्या अवयवाचा आणि कशासाठी काढायचा, हे त्या शब्दात मुळीच नाही. पापणीच्या आत झालेली टणक गाठ डोळ्यांचे डॉक्टर छोटा छेद देऊन आतून खरवडतात, तेही क्युरेटाजच. हाडात मऊ गाठ झाली की अस्थितज्ज्ञ ती पोकळी खरवडून रिकामी करतात आणि पुष्कळदा तिथे हाडाचे तुकडे किंवा सिमेंट भरतात. त्यालाही हेच नाव आहे. त्वचेवरचा चामखीळ खरवडून काढण्यालाही हाच शब्द आहे, आणि हिरड्यांच्या आत साचलेला थर दंतवैद्य ज्या वाकड्या, बारीक हत्यारांनी काढतात त्यांनाही क्युरेट असेच म्हणतात. ‘डी. अँड सी.’ या जोडनावातला ‘सी’ म्हणजे हे खरवडणे आणि ‘डी’ म्हणजे डायलेटेशन, अर्थात हत्यार आत जाण्याइतके गर्भाशयाचे तोंड हळूहळू रुंद करणे.

आता शब्दाच्या जन्माकडे वळू. मूळ शब्द फ्रेंच आहे. फ्रेंचमध्ये ‘क्यूरे’ या क्रियापदाचा अर्थ आत साचलेले काढून मोकळे करणे असा होतो. विहिरीतला गाळ उपसणे, तुंबलेला चर मोकळा करणे, घोड्याच्या खुरात रुतलेली माती टोकदार आकड्याने काढणे, दातांत अडकलेले काढणे, कानातला मळ काढणे, या सगळ्यांना तिथे हेच एक क्रियापद चालते. दात कोरण्याच्या काडीला फ्रेंच लोक ‘क्यूर-दाँ’ म्हणतात. म्हणजे आपले दातकोरणेच. जुन्या मराठी घरांत चांदीच्या एका कडीत अडकवलेले दातकोरणे आणि कानकोरणे असायचे; माझ्या आजीच्या कडीतले कानकोरणे बोटभर लांबीचे होते आणि त्याच्या टोकाला मसुराच्या डाळीएवढी वाटी होती. ‘क्यूरे’ला लहानपणा दाखवणारा ‘एत’ हा प्रत्यय लागून ‘क्युरेत’ हा शब्द झाला, त्याचा अर्थ अक्षरशः ‘छोटे कोरणे’ असा होतो. अठराव्या शतकात इंग्रजी वैद्यकाने तो जसाच्या तसा उचलला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्या हत्याराने करायच्या क्रियेला ‘आज’ हा फ्रेंच प्रत्यय लागून क्युरेटाज हे नाव रूढ झाले. हा प्रत्यय आपल्या कानांना परका नाही, मसाज आणि गराज या शब्दांच्या शेवटी तोच आहे.

फ्रेंच क्रियापदाच्याही मागे लॅटिन आहे. लॅटिनमध्ये ‘कूरा’ म्हणजे काळजी, निगा, आणि ‘कूरारे’ म्हणजे निगा राखणे. एखाद्या वस्तूची निगा राखायची तर ती स्वच्छ ठेवावी लागते, म्हणून फ्रेंचमध्ये येईपर्यंत अर्थ निगा राखण्यावरून स्वच्छ करण्यावर सरकला. इंग्रजीत त्याच मुळाची दुसरी फांदी बरे करण्याकडे गेली आणि क्युअर हा शब्द झाला. मॅनिक्युअर म्हणजे हातांची निगा, पेडिक्युअर म्हणजे पायांची. सयाजीबागेतील १८९४ सालच्या संग्रहालयात वस्तूंची निगा राखणाऱ्या अधिकाऱ्याला क्युरेटर म्हणतात तेही त्यामुळेच, आणि प्रदर्शनात काय मांडायचे हे निवडून त्याची देखरेख करणे याला आता क्युरेटिंग म्हणू लागले आहेत. म्हणजे त्या संध्याकाळी माझी भाची आणि माझ्या काकू एकाच मुळाच्या दोन टोकांना उभ्या होत्या. इंग्रजीत या दोन शब्दांचे उच्चार वेगवेगळे आहेत, पण आपल्या बोलण्यात ते अगदी एक झाले आहेत, आणि १९५० सालापासून चित्रकलेचे महाविद्यालय असलेल्या आपल्या शहरात दोन्ही रोज कानावर पडतात.

हे कोरणे गर्भाशयासाठी वापरात आणण्याचे श्रेय पॅरिसच्या ओतेल-दिय्यू या रुग्णालयातील जोझेफ रेकामिए (१७७४–१८५२) या डॉक्टरांना दिले जाते. १८४०च्या दशकात त्यांनी लांब दांड्याचे हत्यार वापरून गर्भाशयाच्या आतील वाढलेला भाग खरवडून काढण्याची पद्धत मांडली. त्या काळी तिच्यावर कडक टीका झाली, आणि ती अकारण नव्हती. भूल देण्यासाठी ईथरचा वापर १८४६ साली आणि क्लोरोफॉर्मचा १८४७ साली सुरू झाला, तर जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत १८६७ साली प्रसिद्ध केली. भूल नाही, हत्यार निर्जंतुक नाही, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळीत खरवडायचे, अशा अवस्थेत गर्भाशयाला छिद्र पडणे आणि त्यानंतर ताप येऊन रुग्ण दगावणे हा धोका फार मोठा होता. जंतुनाशक पद्धत आणि भूल दोन्ही हाताशी आल्यानंतरच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, ही क्रिया सर्वत्र पसरली. जर्मन डॉक्टरांनी आपल्या भाषेत तिला सरळ ‘खरवडून काढणे’ असे नाव दिले आणि हाडांसाठीच्या हत्याराला ‘धारदार चमचा’ म्हटले. मला ही जर्मन नावे फार प्रामाणिक वाटतात, कारण ऐकणाऱ्याला काय होणार आहे ते लगेच कळते.

मी स्वतः हे हत्यार रावपुऱ्यातील शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या एका दुकानात हातात घेऊन पाहिले. ते पोलादाचे, वीतभराहून बरेच लांब आणि पेन्सिलीपेक्षा बारीक असते. दोन्ही टोकांना थेंबाच्या आकाराचे, आतून पोकळ कडे असते, त्यातील एका कड्याची किनार धारदार आणि दुसऱ्याची बोथट. मी बोथट कडे तळहातावर फिरवून पाहिले. उलथन्याची कड फिरवल्यासारखे वाटले. दुकानदाराने धारदार बाजूला हात लावू दिला नाही. ज्या कारणासाठी काकूंचे क्युरेटिंग होणार होते त्यात काय घडते हे सांगायचे तर, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि पाळीत गळून जातो, खालचा थर कायम राहतो आणि त्यातूनच वरचा पुन्हा तयार होतो. खरवडायचा असतो तो वरचा थर. खालच्या थरापाशी पोहोचले की हत्याराला खरखर लागते, आणि जुन्या फ्रेंच डॉक्टरांनी त्या खरखरीला ‘गर्भाशयाची हाक’ असे नाव दिले आहे. अनुभवी हात तिथे थांबतो. खालचा थरही खरवडला गेला तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात, पाळी कमी होते किंवा येईनाशी होते. या अवस्थेचे सविस्तर वर्णन जोसेफ अ‍ॅशरमन यांनी १९४८ साली केले, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. खरवडणे हा शब्द ऐकून ज्या बाईला भीती वाटते, तिला या दोन थरांबद्दल कोणीतरी पाच मिनिटे सांगितले तर ती भीती पुष्कळ कमी होते, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे या क्रियेला ‘पिशवी साफ करणे’ म्हणतात, गुजरातीत ‘कोथळी साफ करावी’ म्हणतात, आणि हिंदीत नुसते ‘सफाई’ म्हणतात. मराठी-गुजरातीत अवयव पिशवीसारखा, आणि तिन्ही भाषांत काम स्वच्छतेचे. फ्रेंच शब्दही शेवटी स्वच्छ करण्याकडेच बोट दाखवतो, हे आपण वर पाहिले. या ठिकाणी मला मनापासून हरकत घ्यावीशी वाटते. गर्भाशयाचे अस्तर म्हणजे घाण नव्हे. ते शरीराचा जिवंत भाग आहे, आणि काकूंच्या बाबतीत तर ते मोलाचे होते, कारण त्याच्या तुकड्यांवरूनच आजार आहे की नाही हे कळणार होते. ‘साफ केले’ असे म्हटले की आधी काही अमंगल होते असा भाव चिकटतो, आणि पाळीशी जोडलेला विटाळाचा जुना विचार ज्या घरांत अजून पुरता गेलेला नाही तिथे तो भाव बाईच्या मनाला लागतो. म्हणून मला वाटते की मराठीत ‘गर्भाशयाचे अस्तर खरवडून नमुना घेणे’ असे पूर्ण म्हणावे. चार शब्द जास्त लागतील, लागू द्यावेत.

खरवडण्याच्या या कृतीला आपल्या परंपरेतही स्वतंत्र नाव होते, आणि ते ऐकून बहुतेक जणांना नवल वाटते. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत. कापून वेगळे करणे ते छेदन, फाडून उघडणे ते भेदन, टोचणे ते वेधन, शोधक सळई घालून पाहणे ते एषण, ओढून बाहेर काढणे ते आहरण, पू किंवा रक्त वाहू देणे ते विस्रावण, शिवणे ते सीवन, आणि खरवडणे ते लेखन. होय, लेखन. आपण ज्याला लिहिणे म्हणतो तोच शब्द. त्यासाठी मंडलाग्र, म्हणजे गोल टोकाचे शस्त्र, आणि करपत्र, म्हणजे करवत, वापरावे असे संहितेत सांगितले आहे. शिष्याने रुग्णाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक कर्माचा सराव कशावर करावा, हेही तिथे दिले आहे. छेदनाचा सराव भोपळा, काकडी अशा फळांवर करावा, शिवण्याचा जाड विणीच्या कापडावर आणि मऊ कातड्यावर करावा, आणि लेखनाचा सराव ताणून बसवलेल्या, केसांसकटच्या चामड्यावर करावा. हा तपशील मला फार आवडतो. ताणलेल्या चामड्यावरचे केस खरवडायचे पण चामडे फाटू द्यायचे नाही, म्हणजे वरचा थर काढायचा आणि खालचा राखायचा, हे कौशल्य हाताला लावण्यासाठी याहून चांगली वस्तू कोणती असणार?

लेखनाने बरे होणाऱ्या रोगांत संहितेने पापण्यांचे आणि हिरड्यांचे विकार घेतले आहेत. पापण्यांच्या आत खडबडीत दाणे उठतात त्या विकाराला तिथे पोथकी म्हटले आहे, आपण त्यांना खुपऱ्या म्हणतो, आणि ते दाणे शस्त्राने किंवा खरखरीत पानाने खरवडावेत असे सांगितले आहे. आजही पापणी आणि हिरडी या दोन जागी क्युरेट वापरले जाते, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. मात्र लेखनाच्या त्या यादीत गर्भाशयाचे अस्तर नाही, आणि म्हणून आजची डी. अँड सी. तेव्हाच आपल्याकडे होत असे, असा दावा कोणी केला तर तो मानू नये. आयुर्वेदात पुढे लेखन हा शब्द औषधांच्या गुणालाही लावला गेला. मेद किंवा कफ खरवडून कमी करणारे द्रव्य ते लेखन, आणि मधाला याच अर्थाने लेखन म्हटले आहे.

लिहिणे आणि खरवडणे एकाच शब्दात कसे आले, याचे उत्तर धातूत आहे. ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे असा आहे, आणि त्याचे जुने रूप ‘रिख्’ हे ऋग्वेदातही ओरखडण्याच्याच अर्थाने येते. रेखा हा शब्द त्यातून निघाला आणि आपली रेघही. ताडपत्रावर लोखंडी टोकाने अक्षर कोरायचे आणि मग त्यात काजळी भरायची, अशा पद्धतीत लिहिणे हे खरोखरच ओरखडणे होते. इतर भाषांतही असेच दिसते. ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी या तिन्हींत लिहिण्याच्या क्रियापदांचे मूळ अर्थ ओरखडणे किंवा कोरणे हेच आहेत. आणि दूर कशाला जायला हवे? मराठीत आपण पाटी खरडतो, भांडे खरडतो आणि घाईत चार ओळीही खरडतो. मजकुराच्या कच्च्या प्रतीला खर्डा म्हणतो. दूध आटवल्यावर पातेल्याच्या तळाशी लागलेला साईचा थर खरवडून काढला की ती खरवड होते, आणि लहानपणी तिच्यासाठी आम्हा भावंडांत भांडणे होत.

याच कुटुंबातला नसला तरी रोज कानावर येणारा आणखी एक शब्द इथे उलगडून ठेवते, कारण त्याचीही गल्लत होते. मधुमेहाच्या जखमेचे ‘डिब्राइडमेंट’ करायचे आहे असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा मेलेले मांस कापून किंवा खरवडून काढायचे असते. पुष्कळांना वाटते की तो शब्द कचरा या अर्थाच्या ‘डेब्री’वरून आला असावा. तसे नाही. फ्रेंचमध्ये ‘ब्रीद’ म्हणजे लगाम, आणि ‘देब्रिदे’ म्हणजे लगाम सोडणे. अठराव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक सुजलेल्या जखमेवर आवळून बसलेला पट्टा कापून ती मोकळी करत, त्याला त्यांनी हे नाव दिले. मेलेले मांस काढण्याचा अर्थ त्यात नंतर मिसळला.

आता ज्या समजुतीमुळे काकू दोन दिवस गच्चीवर गेल्या नाहीत तिच्याकडे परत येते. गर्भपातासाठी किंवा अपुऱ्या गर्भपातानंतर उरलेला भाग काढण्यासाठी ही क्रिया भारतात आणि जगभर दीर्घकाळ केली गेली, म्हणून शब्द त्या एका कारणाशी घट्ट बांधला गेला. वास्तविक गर्भपातासाठी धारदार क्युरेट वापरण्याची पद्धत आता जुनी झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ सालच्या मार्गदर्शनात तिच्याऐवजी ओढून घेणारी पोकळ नळी किंवा गोळ्या वापरण्यास स्पष्टपणे सांगितले आहे. तपासणीसाठीही पुष्कळ ठिकाणी दवाखान्यातच, भूल न देता, बारीक नळीने नमुना घेतात, किंवा दुर्बीण घालून डोळ्यांनी पाहून घेतात. पाळी गेल्यानंतर रक्त दिसले आणि सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड आले, तर कोणत्या ना कोणत्या मार्गाने नमुना मात्र घ्यावाच लागतो, कारण थोड्या जणींत त्यामागे कर्करोग असतो आणि तो लवकर कळला तर उपचार सोपे होतात. त्यामुळे कागदावर हा शब्द दिसला की कोणत्या अवयवाचे, कशासाठी आणि कोणत्या पद्धतीने, एवढे डॉक्टरांना खुशाल विचारावे. शब्द स्वतःहून ते सांगणार नाही.

काकूंचे काम पंधरा मिनिटांत झाले आणि संध्याकाळी त्या घरी आल्या. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेत पोहोचवायला माझ्याकडे दिली होती. झाकण घट्ट, आत नमुना टिकवणारे पाण्यासारखे फॉर्मॅलिन, आणि तळाशी बोटाच्या पेराएवढेही नसलेले तांबूस तुकडे. बाटलीवरच्या चिठ्ठीत काकूंच्या नावाखाली इंग्रजीत ‘एंडोमेट्रियल क्युरेटिंग्ज’ असे लिहिले होते. खरवडून निघालेल्या तुकड्यांनाही वैद्यकात हेच नाव आहे, फक्त अनेकवचनी. क्षयाची शंका असती तर फॉर्मॅलिन नसलेली आणखी एक बाटली दिली असती, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग ते वाढवून पाहता येत नाहीत. काकूंनी ती चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारले, “म्हणजे मराठीत काय लिहिलंय ग?” मी म्हटले, “अस्तराची खरवड.” “एवढंच?” त्यांनी विचारले, आणि बाटली दिव्याकडे धरून बराच वेळ पाहिली. आठ दिवसांनी अहवाल आला, त्यात साध्या पॉलिपचे, म्हणजे अस्तरावरच्या निरुपद्रवी वाढीचे, तुकडे आहेत आणि कर्करोगाची खूण नाही असे होते. तो कागद काकूंनी उशीखाली ठेवला नाही. शेजारच्या बेन आल्या तेव्हा त्यांच्या हातात देऊन, कुठे काय खरवडले हे त्यांना गुजरातीत समजावून सांगितले.